आधारस्वराची सोयरीक : आयरिश लोकसंगीत आणि हेवी मेटल

१९९२ साली डब्लिनमध्ये कीथ फे या तरुण वादकाच्या पुढाकाराने ‘क्रूआखन’ हा बँड उभा राहिला आणि लोकधून व हेवी मेटल यांच्या ज्या मिश्रणाला पुढे ‘फोक मेटल’ हे नाव पडले, त्याला आयर्लंडमध्ये हक्काचे घर मिळाले. शेतकऱ्यांच्या नृत्यांतून वाढलेले संगीत आणि औद्योगिक शहरांत जन्मलेले, विकृत केलेल्या विद्युत ध्वनीवर उभे असलेले संगीत यांचा हा संबंध वरवर पाहता विजोड भासतो. आयरिश परंपरेचा इतिहास लक्षात घेतला, तर मात्र तो त्या परंपरेच्या स्वभावाला धरूनच असल्याचे दिसते.

ही परंपरा मुख्यतः कानाने शिकली जाणारी होती. १७९२ साली बेलफास्टमध्ये हार्पवादकांचा मेळावा भरला, तेव्हा एडवर्ड बंटिंग या तरुण संगीतकाराने त्यांच्या धुना लिहून घेतल्या, आणि १९०३ मध्ये शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी स्थलांतरितांकडून जमवलेल्या १८५० धुनांचा संग्रह प्रसिद्ध केला. जपून ठेवायची ती धून, वाद्य मात्र बदलू शकते, ही वृत्ती या परंपरेत खोलवर रुजलेली होती. म्हणूनच बाहेरून आलेले व्हायोलिन तेथे ‘फिडल’ होऊन रुळले आणि १९६०च्या दशकात ग्रीसचे बुझुकीही सहज सामावले गेले.

विद्युत गिटारचा प्रवेश याच वाटेने झाला. १९७२ साली ‘थिन लिझी’ने ‘व्हिस्की इन द जार’ हे जुने लोकगीत रॉकच्या रूपात ध्वनिमुद्रित केले. पण त्याहून मूलगामी काम ‘हॉर्सलिप्स’ या बँडने केले. क्यूलीच्या गोधनासाठी झालेल्या लढाईची प्राचीन कथा घेऊन त्यांनी १९७३ मध्ये ‘द टॉइन’ हा अल्बम रचला आणि त्यातील ‘डिअरग डूम’ या गीतात एका जुन्या संचलन-धुनेलाच गिटारच्या मुख्य आवर्तनाचे, म्हणजे ‘रिफ’चे, रूप दिले. लोकधून येथे सजावट न राहता रचनेचा कणा बनली.

क्रूआखनने हाच वारसा मेटलच्या अधिक कठोर रूपाकडे नेला. बँडचे नावही त्याच कथेतील मेव्ह राणीच्या, कॉनाक्ट प्रांतातील राजपीठावरून घेतलेले आहे. १९९५ च्या ‘तुआहा ना गेल’ या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये टिन व्हिसल ही लहान धातूची बासरी आणि कर्कश कंठस्वर शेजारी-शेजारी ऐकू येतात. याच दशकात इंग्लंडमधील ‘स्कायक्लॅड’ आणि उत्तर आयर्लंडमधील ‘वेलँडर’ हे बँडही याच दिशेने काम करीत होते.

हा मेळ टिकला याचे कारण स्वररचनेत आहे. कोपराने भाता दाबून वाजवल्या जाणाऱ्या इलन पाइप्समध्ये, तंबोऱ्यातील षड्जाप्रमाणे, तीन सप्तकांतील एकच आधारस्वर अखंड निनादत असतो, आणि अनेक धुना मिक्सोलिडियन किंवा डोरियन या स्वरसप्तकांत, म्हणजे अनुक्रमे आपल्या खमाज व काफी थाटांशी जुळणाऱ्या स्वरांत, बांधलेल्या असतात. मेटलमध्ये ध्वनी इतका विकृत केलेला असतो की पूर्ण स्वरमेळ गढूळ होतो. त्यामुळे वादक गंधार वगळून केवळ षड्ज-पंचम वाजवतात आणि त्यालाच ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात. गंधार मोकळा राहिल्यामुळे, तो शुद्ध असो वा कोमल, धुनेला तिच्या मूळ स्वरांतच वावरता येते. लयीचाही मेळ बसतो : सहा मात्रांची ‘जिग’ आणि जलद चतुष्मात्रिक ‘रील’ या दोन्ही नृत्यलयी मेटलच्या वेगवान ढोलवादनावर सहज स्वार होतात.

१९८७ साली डब्लिन परगण्यातील स्केरीज या गावी सुरू झालेल्या ‘प्रायमॉर्डियल’ने या नात्याची सर्वांत कसोशीची परीक्षा घेतली. त्यांनी पारंपरिक वाद्यांचा आधार जवळजवळ सोडून दिला, तरी जिगची डोलती लय आणि सतत घुमणारा आधारस्वर गिटार व ढोलांतूनच उमटत राहिला. हार्पकडून फिडलकडे आणि फिडलकडून विद्युत गिटारकडे आलेल्या या परंपरेचे सातत्य वाद्यात नव्हते, तर स्वर आणि लय यांच्या स्मृतीत होते, ही गोष्ट त्यांच्या संगीताने स्पष्टपणे ऐकवली.