लदेणीचा बैल आणि भाड्याचे मोटार-घर

१९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या किनवट तालुक्यातील बंजारा तांडे आज स्थिर आहेत. त्यांच्या पूर्वजांचे घर मात्र चालते होते, आणि त्या घरासोबतचे बैल भाड्याने ओझी वाहत. सतराव्या शतकात टॅव्हर्नियर या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांच्या काफिल्यांचे वर्णन केले आहे: पाठीवर धान्य नि मीठ, सोबत बायकामुले आणि राहुट्या. १८०३ मध्ये दख्खनेत उतरलेल्या वेलस्लीच्या फौजेचे पोटही याच लदेणीवर चाले.

रेल्वेने हा धंदा मोडला. अनेक तांडे शेतीकडे आणि गुरांच्या व्यापाराकडे वळले. बैल घेणारा शेतकरी दात पाहून वय ओळखी. पण किती ओझे वाहून झाले, हे पाठीवरचे घट्टे चाचपल्यावरच कळे.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. भाड्याने फिरलेले मोटार-घर विकत घेणाऱ्यालाही हीच पारख हवी. स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या वाहनाची ओळख काळ्या पाटीवरची पिवळी अक्षरे देतात. परवाना रद्द करणे, थकीत कर, कर्जाचा बोजा, खासगी नोंदणी ही कामे आरटीओत उरकतात. परंतु छताच्या सांध्यांतून मुरलेले पाणी, अनोळखी हातांनी ढिल्या केलेल्या बिजागऱ्या, मुक्कामागून मुक्कामी उपसली गेलेली बॅटरी यांची नोंद कोणत्याही कागदावर नसते.

सौदा ठरण्यापूर्वी भर पावसात किनवटहून सहस्रकुंडापर्यंत एक खेप मारावी. छत गळते का, हे मग दलालाला विचारावे लागत नाही.