गिरगाव ते गिरणगाव : मुंबईतील सार्वजनिक शाळा आणि शासनाचे आर्थिक दायित्व (१८८२ ते २०२४)

प्रस्तावना

शाळा कोणी चालवावी आणि तिचा खर्च कोणी सोसावा, हे दोन प्रश्न वरवर पाहता एकच वाटतात. परंतु मुंबईच्या शैक्षणिक इतिहासात ते सातत्याने वेगळे राहिले. शाळा चालविण्याची जबाबदारी कायद्याने निश्चित होत गेली; पैशाचा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी वाटाघाटीवर सोडला गेला. याचे परिणाम गिरगाव, दादर, परळ व लालबाग या मराठी वस्त्यांत कसे दिसून आले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अनुदानपद्धती व महात्मा फुले यांचा आक्षेप

१८५४ च्या वुडच्या खलित्याने सहायक अनुदानाची पद्धत रूढ झाली. खाजगी संस्थेने शाळा काढावी आणि शासनाने तपासणी करून खर्चाचा काही भाग द्यावा, असे तिचे स्वरूप होते. ज्या समाजाजवळ आरंभीचे भांडवल व शिकलेली माणसे होती, त्यालाच ही पद्धत अनुकूल ठरणे स्वाभाविक होते. गिरगावात १८९७ मध्ये आर्यन एज्युकेशन सोसायटी आणि दादर परिसरात १९१७ मध्ये इंडियन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. या दोन्ही संस्था मध्यमवर्गाच्या उद्यमातून उभ्या राहिल्या. कामगारवस्तीला असा आधार सहजी उपलब्ध नव्हता.

या विषमतेवर महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात बोट ठेवले होते. महसूल रयतेच्या श्रमातून गोळा होतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होय. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली.

जबाबदारीचे हस्तांतर

१८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातील कलम ६१ अन्वये प्राथमिक शाळा चालविणे व त्यांना साहाय्य करणे हे महापालिकेचे कर्तव्य ठरले. पुढे १९०७ मध्ये एक महत्त्वाची तडजोड झाली. शहर पोलिसांचा खर्च शासनाने स्वीकारला व त्याबदल्यात प्राथमिक शिक्षणाचा भार प्रामुख्याने महापालिकेकडे आला. शासनाने कायदा व सुव्यवस्था आपल्याकडे ठेवली आणि अक्षरओळख शहराच्या तिजोरीवर सोपविली, असा या तडजोडीचा अर्थ लावता येतो.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या १९११ च्या विधेयकात याहून वेगळी वाटणी सुचविली होती. सक्तीच्या शिक्षणाचा दोनतृतीयांश खर्च शासनाने व एकतृतीयांश खर्च स्थानिक संस्थेने सोसावा, अशी ती योजना होती. मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी हे विधेयक फेटाळले गेले. त्यानंतर प्रांतिक स्तरावर १९२० मध्ये मुंबई शहरासाठी प्राथमिक शिक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार १९२५ मध्ये एफ व जी या विभागांत, म्हणजे परळ-शिवडीपासून माहीम-वरळीपर्यंतच्या पट्ट्यात, सक्ती लागू झाली. १९२२ मध्ये कारखान्यातील कामासाठी किमान वय बारा वर्षे ठरले होते, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. गिरणीचे दार बंद झालेल्या मुलासाठी शाळेचे दार उघडले, ते बहुतांशी महापालिकेच्या खर्चाने.

स्वातंत्र्योत्तर काळ : पटसंख्येशी बांधलेले अनुदान

स्वातंत्र्यानंतर खाजगी अनुदानित शाळांतील शिक्षकांच्या वेतनाची हमी राज्यशासनाने स्वीकारली. १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमाने त्यांच्या सेवेला संरक्षण मिळाले. हे शासनाचे मोठेच योगदान होय. तथापि इमारत, प्रयोगशाळा, वीज व दुरुस्ती यांसाठीचे वेतनेतर अनुदान २००४ नंतर काही वर्षे बंद राहिले आणि २०१३ मध्ये मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाले. महापालिकेच्या बाबतीत शासनाकडून येणे असलेल्या शिक्षण अनुदानाची थकबाकी हा अर्थसंकल्पातील नित्याचा विषय झाला.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींच्या जागी उंच इमारती आल्या आणि अनेक कुटुंबे कल्याण-डोंबिवली व वसई-विरारकडे सरकली. शिक्षकांची पदे संचमान्यतेने, म्हणजे पटसंख्येच्या प्रमाणात, मंजूर होतात. परिणामी पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो. शिक्षक गेला की विषयाला माणूस उरत नाही. आणि ते पाहून उरलेले पालकही इंग्रजी माध्यमाकडे वळतात. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेविषयीच्या शासननिर्णयावर मराठी शाळांच्या क्षेत्रातून तीव्र प्रतिक्रिया उमटली, ती याच भीतीपोटी.

मराठी शाळा ओस पडण्यास पालकांचा इंग्रजीचा ओढा कारणीभूत आहे, असे सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. पण ते अपुरे आहे. महापालिकेने २०२० पासून ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाने शाळांचे रूप पालटण्यास प्रारंभ केला. अन्य मंडळांशी संलग्न अशा तिच्या नव्या शाळांत प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. या शाळा इंग्रजी माध्यमाच्या आहेत, हे खरे. परंतु ‘पालिकेची शाळा’ म्हणून पालक पाठ फिरवतात, हा समज त्यातून खोटा ठरला. सार्वजनिक पैसा आधी गुंतविला गेला, की विद्यार्थी मागाहून येतात.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, १९०७ ची तडजोड कायद्याच्या पुस्तकात जुनी झाली असली, तरी तिचा विचार अद्याप जिवंत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षण हा मुलाचा हक्क ठरविला. हक्काचा खर्च डोकी मोजून ठरविता येत नाही. कारण वर्गात आठ मुले असली, तरी त्या आठांचा हक्क पूर्णच असतो. लालबाग-परळमधील मराठी शाळांना पटसंख्येची अट शिथिल करून किमान शिक्षकसंच व दुरुस्तीचा निधी मिळणे, ही म्हणूनच सवलत ठरत नाही. फुल्यांनी १८८२ मध्ये मागितलेल्या न्यायाची ती उर्वरित बाकी आहे.