सायकल आणि हृदय

इ. स. १८९५ च्या सुमारास लंडनमधील अगर न्यूयॉर्कमधील एखाद्या पन्नाशीच्या गृहस्थानें आपल्या डॉक्टरांना, सायकल शिकावी काय, असा प्रश्न केला, तर त्याला काय उत्तर मिळेल याचा कांहींच नेम नसे. एक डॉक्टर म्हणत, अवश्य शिका. मोकळी हवा मिळेल, भूक सुधारेल, झोंप चांगली लागेल. दुसरे डॉक्टर छातीला नळी लावून ठोके ऐकत आणि या वयांत हृदयाशीं खेळ करूं नका म्हणून बजावीत. दोघेही विद्वान, दोघांचाही हेतु चांगला. पुरावा मात्र दोघांजवळही थोडा. आजचा हृदयविकाराचा तज्ज्ञ त्याच वयाच्या माणसाला, प्रकृति पाहून, सायकल चालवावयास खुशाल सांगतो. आणि त्याच्या हृदयाची परीक्षा करावयाची झाली तरी पुष्कळदां त्याला एका प्रकारच्या सायकलीवरच बसवितो. वैद्यकाच्या मतांत हा जो पालट झाला त्याला सुमारें साठ-सत्तर वर्षें लागलीं.

प्रथम त्या यंत्राविषयीं थोडेंसें. जर्मनींतील मानहाइम शहरीं कार्ल फॉन ड्राइस यानें १८१७ सालीं जें दोनचाकी वाहन रस्त्यावर आणलें त्याला पॅडल नव्हतेंच. बसणारानें जमिनीला पाय रेटीत धांवावयाचें. १८६० नंतरच्या दशकांत पॅरिस येथें पुढील चाकाला पॅडल बसलें. मग वेग वाढावा म्हणून तें पुढील चाक वाढतां वाढतां माणसाच्या छातीइतकें उंच झालें, आणि त्यावर चढणें हा धाडसी तरुणांचा खेळ होऊन बसला. वाटेंत दगड आडवा आला कीं स्वार हँडलावरून पुढें फेंकला जाई. अशा वाहनाची शिफारस प्रौढ माणसाला कोणता डॉक्टर करणार? १८८५ सालीं कॉव्हेंट्री येथील जॉन केंप स्टार्ली यानें जवळजवळ सारख्या चाकांची आणि साखळीनें मागील चाक फिरविणारी 'रोव्हर' सायकल काढली. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं हवा भरलेल्या रबरी टायरचें पेटंट घेतलें. तो त्यांनीं मूळ आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं बनविला होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि पांचसहा वर्षांत कारकून, शिक्षक, पाद्री, गृहिणी अशीं सर्व प्रकारचीं माणसें सायकलीवर दिसूं लागलीं.

नवें वाहन आलें आणि त्याबरोबर नव्या व्याधींचीं नांवेंही आलीं. सायकलस्वाराचा चेहरा ताणानें कायमचा विद्रूप होतो, अशी एक समजूत निघाली, डॉ. आर्थर शॅडवेल यांनीं १८९७ सालीं इंग्लंडांतील एका मासिकांत सायकलीच्या छुप्या धोक्यांवर लेख लिहून या 'सायकली चेहऱ्या'ला शास्त्रीय प्रतिष्ठा देण्याचा प्रयत्न केला. पाठीला पोंक येतें, असेंही कोणी म्हणत. या गोष्टी आज वाचतांना हसूं येतें. पण हृदयाविषयींची भीति तशी हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. त्या काळच्या सायकली जड असत, गति बदलण्याची सोय बहुतेकांना नसे, आणि चाक फिरत असेतों पॅडलही फिरत राही, त्यामुळें उतारावरही पायांना विसांवा मिळत नसे. रस्ते खडीचे. अशा यंत्रावर बसून जन्मभर खुर्चींत बसलेला माणूस एकदम टेंकडी चढूं लागला, तर त्याची नाडी किती धांवेल हें सांगावयास नको. डॉक्टरांनीं नाडी मोजली, ती भलतीच जलद आढळली. कांहींच्या छातींत निराळा आवाजही ऐकूं आला. आणि हृदय म्हणजे ताणलें कीं सैल पडणारें एक नाजूक यंत्र, अशी वैद्यकांतील त्या वेळची कल्पना असल्यामुळें, हें हृदय आतां बिघडलें, असा निष्कर्ष निघाला. या कल्पित विकाराला 'सायकलचें हृदय' असें नांवच पडलें.

खरें पाहतां या भीतीला उत्तर पूर्वींच मिळालेलें होतें. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांमधील होड्यांच्या शर्यतीवर असाच आक्षेप होता. म्हणून मँचेस्टरच्या डॉ. जॉन मॉर्गन यांनीं त्या शर्यतींत वल्हीं मारलेल्या जवळजवळ तीनशें जणांची चौकशी करून १८७३ सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें. ते लोक अकालीं मेले नव्हते. त्यांचें आयुष्य अपेक्षेपेक्षां थोडें अधिकच भरलें. परंतु ते सधन घरचे, मुळांतच धडधाकट तरुण. त्यांच्या उदाहरणावरून पन्नाशीच्या कारकुनानें काय समजावें? ही शंका रास्त होती, आणि पुढें शंभर वर्षें ती व्यायामाच्या प्रत्येक अभ्यासाच्या पाठीमागें लागून राहिली.

या गोंधळांत सर्वांत समतोल बोलणारा माणूस म्हणजे सर बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन. हे लंडनचे नामांकित वैद्य, जन्म १८२८ चा. उतारवयांत स्वतः तीनचाकी चालवीत आणि सायकलस्वारांच्या एका मंडळाचे अध्यक्षही होते. सायकलीचा पहिला परिणाम हृदयावरच होतो हें त्यांनीं मोकळेपणानें मान्य केलें. दम लागण्यापूर्वींच हृदयाची गति वाढते, त्यामुळें स्वाराला आपल्या श्रमाची कल्पना येत नाहीं, हें त्यांचें निरीक्षण आजही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. मात्र त्यावरून त्यांनीं बंदी घातली नाहीं. शर्यती, उभे चढ आणि समोरचा वारा टाळून बेतानें सायकल चालविली तर निरोगी हृदयाला अपाय नाहीं, आणि कांहीं दुर्बळ हृदयांनाही तिचा उपयोग होतो, असें त्यांचें मत पडलें. १८९६ सालीं ते वारले. त्यांच्यासारखें स्वतः पॅडल मारून मग लिहिणारे वैद्य आणखी असते तर पुष्कळ कागद वांचला असता!

अमेरिकेंत याच सुमारास फ्रान्सिस विलर्ड या बाईंनीं सायकल शिकून दाखविली. या मद्यपानविरोधी चळवळीच्या पुढारी. अविश्रांत काम आणि आईच्या मृत्यूचें दुःख यांनीं त्यांची प्रकृति खालावली होती, वय त्रेपन्न. लेडी हेन्री सॉमरसेट या मैत्रिणीनें दिलेल्या सायकलीला त्यांनीं 'ग्लॅडिस' असें नांव ठेविलें, आणि रोज थोडा थोडा वेळ याप्रमाणें सुमारें तीन महिने सराव करून ती वश केली. प्रथम तिघांनीं धरावयाचें, मग दोघांनीं, मग एकानें. १८९५ सालीं त्यांनीं या शिक्षणावर एक छोटें पुस्तक लिहिलें. घट्ट बांधलेली कंबर आणि जमिनीला लोळणारा घोळ हीच जेथें स्त्रीची प्रतिष्ठा, तेथें एका वयस्क, सुप्रसिद्ध स्त्रीनें प्रकृतीसाठीं सायकल शिकावी आणि तें उघडपणें सांगावें, हें लहान धाडस नव्हतें. सायकलीला स्त्रियांनीं बसूं नये म्हणून वैद्यक पुढें करणाऱ्यांच्या मनांत वैद्यकाखेरीज दुसरें कांहीं नसेच असें म्हणवत नाहीं.

मताचा निकाल शेवटीं मोजमापानें लागला. स्वीडनमधील उप्साला येथील प्राध्यापक हेन्शेन यांनीं १८९९ सालीं बर्फावरून घसरत शर्यत धांवणाऱ्या खेळाडूंच्या छातीवर बोटांनीं ठोकून हृदयाचा आकार अजमावला, आणि खेळाडूंचें हृदय मोठें असतें, पण तें रोगानें मोठें झालेलें नसून कामानें मोठें झालेलें असतें, असें प्रतिपादिलें. लोहाराचा दंड मोठा दिसला तर त्याला कोणी सूज म्हणत नाहीं. पुढें क्ष-किरणांनीं हृदयाची सावली प्रत्यक्ष दिसूं लागली.

मग ज्या सायकलीवर आरोप होता तिलाच शास्त्रज्ञांनीं प्रयोगशाळेंत नेलें. कोपनहेगन येथील ऑगस्ट क्रोग यांनीं १९१३ सालीं जागच्या जागीं उभी असणारी, विजेच्या चुंबकानें चाकाला अडविणारी सायकल तयार केली. त्याच वर्षीं लिंडहार्ड यांच्यासह त्यांनीं, माणूस काम करूं लागतांच श्वास आणि रक्ताभिसरण कसें बदलतें याविषयींचा आपला प्रसिद्ध निबंध छापला. सायकलच कां? कारण सायकलीवर धड स्थिर राहतें. तोंडाला श्वासाची नळी लावतां येते, मनगटाची नाडी मोजतां येते, आणि पायांनीं किती काम केलें हें अडथळ्यावरून बिनचूक समजतें. धांवणाऱ्या माणसाच्या पाठीमागें नळी घेऊन कोण धांवणार? क्रोग यांना १९२० सालीं, स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांवरील कामाबद्दल, नोबेल पारितोषिक मिळालें. १९५४ सालीं स्टॉकहोम येथील ऑस्ट्रांड आणि रिमिंग यांनीं, माणसाला पुरता दमविल्यावांचून, सायकलीवरील बेताच्या कामांतील नाडीवरूनच त्याची कुवत अंदाजण्याचें कोष्टक दिलें.

या प्रयोगांतून जें चित्र स्पष्ट झालें तें असें. स्वस्थ बसलेल्या माणसाचें हृदय मिनिटाला सुमारें ७० ठोके देऊन ५ लिटरच्या आसपास रक्त ढकलतें. जोराचें काम करतांना निरोगी माणसांत हा आंकडा २० लिटरपर्यंत जातो, आणि कसलेल्या खेळाडूंत ३० च्याही वर. मांड्यांचे स्नायू शरीरांतील सर्वांत मोठ्या स्नायूंपैकीं. ते आलटून पालटून आंखडतात तेव्हां शिरांतील रक्त पिळून हृदयाकडे परत लोटतात. सायकलींत नेमकें हेंच काम तालानें, अर्धा-पाऊण तास न थांबतां करतां येतें, आणि शरीराचा भार बैठकीवर राहत असल्यामुळें धांवण्यांत गुडघ्यांना बसतात तसे हादरे बसत नाहींत. कांहीं आठवडे नेमानें असें काम केलें म्हणजे हृदयाच्या प्रत्येक ठोक्यांत अधिक रक्त जाऊं लागतें, आणि विश्रांतीच्या वेळची नाडी मंदावते. रिचर्डसन यांच्या वेळीं जी जलद नाडी रोगाचें चिन्ह वाटली, ती या सुधारणेची पहिली पायरी होती.

एवढें ज्ञान झालें तरी रोग्याच्या उशापर्यंत तें पोंचावयास उशीर लागला. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला कित्येक आठवडे अंथरुणावर निश्चल ठेवण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वत्र होती. दीर्घकाळ पडून राहिल्यानें पायांच्या शिरांत रक्त गोठे, फुप्फुसांना उपद्रव होई, आणि झटक्यांतून वांचलेला माणूस विश्रांतीनें मरे. बोस्टनचे लेव्हाइन आणि लाउन यांनीं १९५२ सालीं अशा रोग्यांना लवकरच खुर्चींत बसवावें असें सुचविलें, तेव्हां तेंही पुष्कळांना साहस वाटलें. पुढील वर्षीं लंडनचे डॉ. जेरी मॉरिस यांनीं बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली गाडींत दिवसभर जिना चढउतर करणाऱ्या कंडक्टरांना, बसून गाडी हांकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षां हृदयविकार कमी होई. पायीं अगर सायकलीवरून टपाल वांटणारे पोस्टमन आणि टपालखात्यांतील बैठीं कामें करणारे नोकर यांच्यांतही तोच फरक आढळला.

लोकमत हाललें तें मात्र एका रोग्यामुळें. २४ सप्टेंबर १९५५ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हर येथें हृदयविकाराचा झटका आला. त्यांच्यावर देखरेख करण्यास बोलावलेले बोस्टनचे डॉ. पॉल डडली व्हाइट हे स्वतः सायकलीचे भोक्ते. त्यांनीं वर्तमानपत्रांना अध्यक्षांच्या प्रकृतीची माहिती सोप्या भाषेंत दिली, त्यांना हळूहळू हालचालींकडे नेलें, आणि पुढें उभा जन्म चालणें व सायकल यांचा पुरस्कार केला. दुसऱ्याच वर्षीं आयझेनहॉवर पुन्हा निवडून आले. चार्ल्स नदीच्या कांठच्या सायकलमार्गाला व्हाइट यांचें नांव आहे. १९६८ सालीं केनेथ कूपर यांच्या 'एरोबिक्स' या पुस्तकानें अशा दीर्घ दमाच्या व्यायामांना एक सुटसुटीत नांव दिलें, आणि त्यांत चालणें, धांवणें, पोहणें यांच्या पंक्तीला सायकल बसली.

कोपनहेगन येथील सुमारें तीस हजार स्त्रीपुरुषांचा एक अभ्यास २००० सालीं प्रसिद्ध झाला. कामावर सायकलीनें जाणारांत मृत्यूचें प्रमाण इतरांपेक्षां सुमारें २८ टक्क्यांनीं कमी आढळलें, आणि फुरसतीच्या वेळचा व्यायाम हिशेबांत धरूनही हा फरक उरला. येथेंही, सशक्त माणसेंच सायकल निवडतात काय, ही मॉर्गन यांच्या वेळची जुनी शंका पुरती मिटत नाहीं. तरी प्रयोगशाळेंतील पुरावा आणि गांवांतील मोजदाद दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवितात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रम सांगितले. बोलतां येईल पण गातां येणार नाहीं इतपत दम लागणें, ही त्याची साधी खूण. छातींत दुखणारानें अगर चालतांना घेरी येणारानें आधीं प्रकृति तपासून घ्यावी, हें ओघानें आलेंच.

महाराष्ट्रांत व्यायाम या शब्दाचा अर्थ फार काळ तालमीशीं बांधलेला राहिला: जोर, बैठका, मलखांब आणि औंधच्या राजेसाहेबांनीं घरोघर नेलेले सूर्यनमस्कार. मुंबईच्या वजनें उचलणाऱ्या क्लबांतील सहा पारशी तरुण १९२३ सालीं सायकलीवरून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटर प्रवास करून १९२८ सालीं परत आले. पण तो पराक्रम झाला. रोजच्या सायकलीला कोणी व्यायाम म्हणत नसे. सायकलींचें शहर म्हणून नांवाजलेल्या पुण्यांत पेठांतून कचेरीला, कॉलेजाला, खडकीच्या कारखान्याला हजारों माणसें पॅडल मारीत जात, तीं वेळेवर पोंचण्यासाठीं आणि पैसे वांचविण्यासाठीं. स्कूटर आणि मोटारसायकल परवडूं लागतांच तीं त्यांवर बसलीं. त्याच पेठांतील नव्या सदनिकांत आज खिडकीपाशीं एक चाक नसलेली सायकल उभी दिसते. तिच्या पॅडलाला हवा तेवढा अडथळा लावतां येतो, आणि समोरच्या तबकडीवर नाडीचे ठोके उमटतात. ती कोपनहेगनच्या १९१३ मधील यंत्राची वंशज आहे.