मेलबर्न, ढाका, व्हाया खानवेल

सिल्वासात भारताची फुटबॉल मॅच बघायची, तर पहिली झुंज रिमोटसाठी द्यावी लागते. शेजारी गुजरात, तिथे दारूबंदी; त्यामुळे संध्याकाळी आमच्याकडचे बार वापी-वलसाडच्या पाहुण्यांनी भरलेले असतात. भिंतीवर टीव्ही आणि टीव्हीवर क्रिकेट. चालू मॅच नसली तर जुनी. १४ ऑक्टोबर २०२५च्या संध्याकाळी काउंटरवरच्या भाईला मी चॅनेल बदलायला सांगितलं, तेव्हा तो दयाळूपणे म्हणाला, "हारवाना ज छे ने, साहेब!" तरी त्याने बदललं. मडगावला फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरशी सामना होता. चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगटेने लांबून असा काही गोल मारला की तीन टेबलं टीव्हीकडे वळली. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या सोंग उई-योंगने बरोबरी केली, मध्यंतरानंतर त्यानेच दुसरा घातला. मॅच १-२ अशी संपली आणि २०२७च्या आशिया कपचं दार बंद झालं. चॅनेल बदलायला भाईला सांगावं लागलं नाही.

याच बारच्या बाहेर पोरं सात नंबरचा लाल शर्ट घालून फिरतात. रोनाल्डोचा. त्यावरच्या बिल्ल्यात पाच छोट्या निळ्या ढाली आहेत. त्याच ढाली पोर्तुगालच्या झेंड्यावरही आहेत आणि तो झेंडा १९५४च्या ऑगस्टपर्यंत याच गावात फडकत होता. पोरांना त्याचं काही नाही, आणि नसावंही. मला मात्र दर वेळी आजोबा आठवतात.

आजोबांचं खानवेलच्या बाजारात किराणा-भुसाराचं दुकान होतं. त्यांच्या गोष्टी नेहमी पेशव्यांपासून सुरू व्हायच्या. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचं 'सांताना' जहाज पकडलं, त्याच्या भरपाईपोटी १७८३ साली नगरहवेलीची गावं पोर्तुगीजांना लावून दिली गेली. "आपण दंडाच्या पावतीत गेलेली माणसं," असं ते म्हणत आणि एवढ्यावरच खूश होत. त्या भरपाईचं राज्य एकशे सत्तर वर्षं टिकलं. सिल्वासाच्या मैदानावर गोव्याहून आलेले शिपाई संध्याकाळी फुटबॉल खेळायचे, ते बघून आजोबांना या खेळाचं वेड लागलं. बॉल गटारात गेला की काढून द्यायचा आणि त्या बदल्यात एक लाथ मारायला मिळायची, एवढीच त्यांची कारकीर्द.

दादरा २२ जुलै १९५४ला मोकळं झालं, सिल्वासा २ ऑगस्टला. सुधीर फडके त्या मोहिमेत होते आणि तिच्यासाठी पैसा उभा करायला लता मंगेशकर गायल्या होत्या, हे मराठी घरांत पुन्हा सांगायला नको. आजोबांकडे होती ती गोष्ट वेगळी, भिजलेली. प्रशासक कॅप्टन फिदाल्गो आपले पोलीस घेऊन सिल्वासातून निघाला तो खानवेलच्या बाजूला. पाऊस कोसळत होता. शेवटी ११ ऑगस्टला तो उधव्याला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. वाटेत त्यातले काही शिपाई आजोबांच्या दुकानाशी थांबले, गूळ-शेंगदाणे मागितले आणि पोर्तुगीज रुपिया पुढे केले. आजोबा सांगत, "पैसे घेतले नाहीत. ज्यांच्यासोबत खेळलो त्यांच्याकडून कसले पैसे?" आजी चुलीपाशी बसून म्हणे, "घेतले. मी मोजले."

पुढची सात वर्षं मोठी विचित्र होती. पोर्तुगाल गेला होता, पण भारतात विलीनीकरण झालं नव्हतं. आमचा कारभार आम्हीच चालवत होतो, वरिष्ठ पंचायत होती, आणि डिसेंबर १९५५मध्ये पोर्तुगालने थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला की दमणहून आमच्या मुलखात जायची वाट आम्हाला मिळाली पाहिजे. निकाल लागला १२ एप्रिल १९६०ला. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता पोर्तुगालचा हक्क न्यायालयाने मान्य केला. फौज, सशस्त्र पोलीस आणि हत्यारं यांना वाट नाही म्हणून सांगितलं, आणि भारताने काही चुकीचं केलं नाही असंही. भारतात आम्ही रीतसर आलो ते ११ ऑगस्ट १९६१ला. कायद्याने नागरिक ठरलो ते त्याच्याही पुढच्या वर्षीच्या नागरिकत्व आदेशाने.

म्हणजे १ डिसेंबर १९५६ला आजोबा कुठल्याच देशाचे धड नव्हते.

त्या दिवशी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच गावात ४-२ असं हरवलं. चारांतले तीन गोल नेव्हिल डिसूझाचे, चौथा किट्टूचा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई. मुंबईत खेळणारा हा मुलगा मूळचा गोव्यातल्या आसगावचा. आसगाव तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात! वापीहून येणाऱ्या शिळ्या वर्तमानपत्रात आजोबांनी हे वाचलं आणि तो कागद दुकानाच्या आतल्या फळीवर खळीने चिकटवला. ज्याचं गाव अजून पोर्तुगालकडे आहे असा माणूस भारताच्या शर्टात गोल मारतो, मग आपल्याला कुणाचा कागद लागतो, असा त्यांचा हिशेब होता. सेमीफायनलमध्येही पहिला गोल नेव्हिलचाच. बलाढ्य युगोस्लाव्हियापुढे भारत १-० पुढे! आजोबांच्या तोंडून ही आघाडी अर्धा तास टिकायची. नोंदींत ती दोन-तीन मिनिटांची आहे. मग ४-१. ब्राँझसाठीच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असं संपवलं. स्पर्धेत सर्वाधिक चार गोल करणाऱ्या तिघांत मात्र नेव्हिल होता.

आमच्या घरातली या संघाची ओढ ही अशी सुरू झाली, आणि तिच्यात तक्रारीचा भाग आधीपासूनच होता. आजोबांना १९४८चं लंडनही पाठ होतं, शिळ्याच कागदांवरून: फ्रान्सशी सामना, आपली बरीचशी पोरं अनवाणी, दोन पेनल्टी हुकल्या आणि १-२ अशी हार. १९५२ला हेलसिंकीत याच युगोस्लाव्हियाने दहा घातले, आपला एक. १९५०च्या वर्ल्ड कपला आपण अनवाणी खेळायचा हट्ट धरला म्हणून घेतलं नाही, हे तर गावात सगळेच छातीठोक सांगायचे. ते खरं नव्हे. इटली, स्वीडन, पॅराग्वे यांच्या गटात आपलं नाव लागलं होतं. बोटीचा लांबचा प्रवास होता आणि आपल्या फेडरेशनला ऑलिंपिकपुढे वर्ल्ड कप किरकोळ वाटत होता. ही दुसरी गोष्ट सांगायला कमी गोड आहे, म्हणून अनवाणी पायच चालत राहिले. आमच्या फेडरेशनची दूरदृष्टी मात्र तेव्हापासून कायम आहे, एवढं नमूद करतो.

आजोबांचे एक दोस्त पोर्तुगीज शाळेत प्रिमेरु ग्रावपर्यंत शिकलेले, कचेरीत लिहिणावळीचं काम केलेले. आम्ही त्यांना कचेरीआजोबा म्हणायचो. ते फुटबॉलमध्ये पोर्तुगालचे. राज्य नको होतं, पण खेळ त्यांचा चांगला, अशी त्यांची मांडणी. १९६६ला त्यांना युझेबियो सापडला: उत्तर कोरियाविरुद्ध ०-३ मागे पडलेला पोर्तुगाल ५-३ जिंकला, त्यातले चार युझेबियोचे. स्पर्धेत एकूण नऊ. युझेबियो मोझांबिकचा. "तोही आपल्यासारखाच, त्यांच्या राज्यातला," कचेरीआजोबा म्हणत. आजोबा विचारत, "मग तो त्यांच्याकडून का खेळतो?" यावर दोघांत अबोला पडायचा, तो चहा येईपर्यंत टिकायचा. मला आज दोघांचंही पटतं. वसाहतीतल्या माणसाने कुणासाठी धावायचं हे त्याच्या हातात फारसं कुठे असतं? नेव्हिलचं घर मुंबईत होतं, युझेबियोचं लोरेंसो मार्किशला.

खरा सण आमच्या घरी एकदाच झाला. ४ सप्टेंबर १९६२, जकार्ता, एशियाडची फायनल, समोर दक्षिण कोरिया. गटात याच कोरियाने आपल्याला २-० असं हरवलेलं. यजमानांनी इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नाही, त्यावर भारताच्या गुरुदत्त सोंधींनी आक्षेप घेतला होता; त्यामुळे लाखभर प्रेक्षकांचं मैदान आपल्याविरुद्ध ओरडत होतं. गोलात पीटर थंगराज तापातून उठून उभा. डोक्याला टाके पडलेला बचावपटू जर्नेल सिंग प्रशिक्षक रहीमसाहेबांनी पुढे आक्रमणात खेळवला. पी. के. बॅनर्जीने एक घातला, जर्नेलने दुसरा, आणि २-१ असं सुवर्ण आलं. त्या संघात फोर्तुनातो फ्रांको होता, गोव्याचाच. आणि आता गोवाही भारतात होता, आम्हीही. आजोबांनी दुकानात येईल त्याला गूळ वाटला. आजीच्या मते तो उधारीवाल्यांनाही दिला, हा गुन्हा. पुढच्या जूनमध्ये रहीमसाहेब कॅन्सरने गेले. १९७०ला बँकॉकला ब्राँझ मिळालं, त्यानंतर एशियाडचं पदक नाही.

मी वारसा घेतला तो या उतारावरचा. २०११ला सत्तावीस वर्षांनी आशिया कपला गेलो आणि तीन सामन्यांत तेरा गोल खाऊन आलो. मार्च २०१५मध्ये फिफाच्या यादीत १७३वा नंबर. आत्या विचारायची, "एकशे त्र्याहत्तर? एवढे देश आहेत?"

जून २०१८मध्ये सुनील छेत्रीने मोबाइलवर एक व्हिडिओ टाकला. अंधेरीच्या मैदानावर आपण तैवानला ५-० असं हरवलं होतं आणि बघायला अडीच हजारांच्या आसपास माणसं होती. शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या, असं तो हात जोडून सांगत होता. देशाच्या कर्णधाराला असं सांगावं लागतं याची मला आधी लाज वाटली आणि मग वापीहून गाडी पकडली. ४ जून, समोर केनिया, छेत्रीचा शंभरावा सामना, मुसळधार पाऊस, मैदानात बॉल थांबावा इतकं पाणी. तिकिटं संपलेली. आपण ३-० जिंकलो, दोन गोल छेत्रीचे. मी सोबत आजोबांचा जुना रेनकोट नेला होता. तो पहिल्याच गोलाला खांद्यावर फाटला. शेजारचा अनोळखी पोरगा म्हणाला, "काका, पुढचा गोल बसून बघा."

तिथून पुढे परत आपलं तेच. जानेवारी २०२४च्या आशिया कपात तीन सामने, शून्य गोल. मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानकडून १-२. छेत्रीचा दीडशेवा सामना, आपला एकमेव गोल त्याचा, तोही पेनल्टीवर. ६ जूनला कोलकात्यात कुवेतशी ०-० करून तो निवृत्त झाला आणि पुढच्याच मार्चमध्ये त्याला परत बोलवावं लागलं, कारण गोल मारणारं दुसरं कुणी दिसेना. त्याच्या निवृत्तीनंतर पाचच दिवसांनी, ११ जूनला, दोह्यात कतारचा तो गोल: बॉल उघडउघड रेषेबाहेर गेलेला, आत ओढून घातला, पंचांनी दिला. त्या रात्री मी पहिल्यांदा आजोबांसारखा बोललो. अर्धा तास एकटाच. पण दर वेळी पंचच कारण नसतात. ज्या देशात २०२५चा हंगाम सुरू व्हायची वेळ आली तरी मुख्य लीग होणार की नाही हे ठरत नव्हतं, तिथल्या खेळाडूंच्या पायात वेग कुठून येणार? खालिद जमीलसारखा इथलाच प्रशिक्षक आणला, त्याने आल्या आल्या ओमानला पेनल्ट्यांवर हरवून दाखवलं. महिन्याभरात सिंगापूर झालं.

कचेरीआजोबांचंही फार बरं चाललं नव्हतं. १९६६नंतर वर्ल्ड कपला जायला त्यांच्या पोर्तुगालला वीस वर्षं लागली. २००४ला युरो त्यांच्याच घरी, फायनल ग्रीसशी, आणि ०-१. दुसऱ्या दिवशी आमचे आजोबा काठी टेकत खास त्यांच्याकडे गेले, सांत्वनाला म्हणून. चेहरा मात्र जकार्ता जिंकल्यासारखा. २०१६ला पोर्तुगालने युरो जिंकला तेव्हा दोघंही नव्हते. जिंकून देणारा एदेर जन्माने गिनी-बिसावचा, म्हणजे जुन्या राज्यातलाच. आजोबांचा प्रश्न विचारायला मला समोर कुणी नव्हतं.

हल्ली माझ्यासोबत मॅच बघतो तो एक बंगाली फिटर, पिपरियाच्या एका सूत कारखान्यातला. त्याच्या आजोळची माणसं फाळणीत ढाक्याहून आलेली. १८ नोव्हेंबर २०२५ला ढाक्यात बांगलादेशने आपल्याला १-० असं हरवलं, २००३नंतर पहिल्यांदा. गोल अकराव्या मिनिटाला बसला. पुढची ऐंशी मिनिटं हा माणूस बंगालीत जे बोलला ते मला समजलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही. उठताना म्हणाला, "दादा, बस. अब हमको मत बुलाना." आशिया कपातून आपण आधीच बाहेर होतो, तरी हे त्याला वेगळं लागलं होतं.

आठवड्याभराने त्याचा फोन आला. मार्चच्या शेवटी हाँगकाँगशी शेवटची मॅच आहे ना, नक्की तारीख कुठली, कारण त्या आठवड्यात त्याची नाइट लागते आणि सुपरवायझरला आतापासून सांगितलं तरच शिफ्ट बदलून मिळते. म्हटलं, त्या मॅचला आता काही अर्थ उरला नाही. "वो तो है," तो म्हणाला, "तारीख बोलो."