मांजराचे लंघन

घरातले मांजर आजारी पडले तरी पहिल्या दिवशी ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते कपाटामागे किंवा माळ्यावरच्या अडगळीत जाऊन गुपचूप बसते. दुसऱ्या दिवशी वाटीतले दूध तसेच राहिलेले आढळते, माशाचा तुकडा सुकून गेलेला दिसतो, आणि मग घरातले एखादे वडील माणूस निर्वाळा देते की, ‘असू द्या, पोट बिघडले असेल, भूक लागली म्हणजे आपोआप खाईल.’ या निर्वाळ्यामागे फार जुना अनुभव उभा आहे. लंघन हेच परम औषध, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, आणि माणसाच्या बाबतीत ते पुष्कळदा खरेही ठरते. धडधाकट कुत्र्यालाही एखाद्या दिवसाचा उपास सहसा बाधत नाही. मांजराच्या बाबतीत मात्र हा अनुभव दगा देतो. तो दगा का देतो, हे शास्त्रज्ञांना कळावयास विसावे शतक पाऊणशे वर्षांचे व्हावे लागले. इतका विलंब का लागला आणि अखेर ते कसे उमगले, ही हकीकत जाणून घेण्यासारखी आहे.

मांजरावर माणसाची माया नव्हती म्हणून हा विलंब झाला, असे म्हणता येणार नाही. प्राचीन इजिप्तमध्ये मांजर पूज्य होते. घरातले मांजर मेले तर घरची माणसे आपल्या भिवया काढून सुतक पाळीत, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवले आहे. पुढे डायोडोरस हा दुसरा ग्रीक लेखक सांगतो की, तेथील लोक दुधात भाकरी कुस्करून आणि नाईल नदीतले मासे कापून मांजरांपुढे ठेवीत. अठराव्या शतकातील लंडनमध्ये, १७५५ साली इंग्रजी भाषेचा विख्यात कोश प्रसिद्ध करणारे डॉ. सॅम्युअल जॉन्सन आपल्या ‘हॉज’ नावाच्या मांजरासाठी कालवे आणावयास स्वतः बाजारात जात. नोकरांना पाठविले तर हा जाच मांजरामुळे सोसावा लागतो म्हणून ते बिचाऱ्या जनावराचा राग धरतील, अशी त्यांना धास्ती वाटे. त्यांचे चरित्रकार बॉस्वेल यांनी ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. तेव्हा माया होती. परंतु माया म्हणजे विद्या नव्हे. हॉजने कालवे नाकारली असती, तर सबंध इंग्रजी भाषेचे शब्द जाणणाऱ्या त्या पंडितालाही मांजराच्या आजाराविषयी चार विश्वासार्ह शब्द सांगणारा वैद्य लंडनमध्ये भेटणे कठीण होते.

याचे कारण पशुवैद्यकाच्या जन्मातच आहे. ही विद्या उपयुक्त जनावरांसाठी निर्माण झाली. आपल्या देशात शालिहोत्राचे नाव अश्ववैद्यकाशी आणि पालकाप्याचे नाव गजवैद्यकाशी निगडित आहे. राजाच्या सैन्याला घोडा व हत्ती हवे होते. युरोपातील पहिली पशुवैद्यक शाळा १७६२ साली फ्रान्समध्ये लियों येथे सुरू झाली, आणि तिचे संस्थापक क्लोद बुर्जला हे मूळचे घोडेस्वारीचे आचार्य होते. लंडनचे पशुवैद्यक महाविद्यालय १७९१ साली निघाले, तेथेही प्रमुख विद्यार्थिविषय घोडा हाच होता. मुंबईत १८३४ साली पांजरपोळ स्थापन झाली; पुढे दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यातून परळला बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि त्याच्याच आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. भूतदयेचा हा मोठा वारसा आहे. तरी त्या काळच्या पशुवैद्याला सरकारने आणि शेतकऱ्याने ज्यासाठी बोलवावे, ते बैल आणि घोडे हेच होते. मांजर कोठारातले उंदीर मारी खरे, पण ते मेले तर शेजारच्या घरातून दुसरे पिल्लू फुकट मिळे. ज्याला बाजारात मोल नाही, त्याच्या दुखण्याचे शास्त्र लिहावयास कोण बसणार?

हे चित्र प्रथम पालटले ते गरिबांच्या वस्तीत. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१७ साली, मारिया डिकिन या बाईंनी लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील एका तळघरात आजारी जनावरांसाठी मोफत दवाखाना उघडला. ज्यांना पशुवैद्याची फी परवडत नव्हती, अशी माणसे आपापली जनावरे घेऊन तेथे येऊ लागली. गरिबाला आपले जनावर मोलाचे वाटते आणि त्यासाठी तो रांगेत उभा राहतो, ही गोष्ट या दवाखान्याने पशुवैद्यांच्या नजरेस आणून दिली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मांजरांमध्ये एक भयंकर साथ फार पूर्वीपासून येत असे. पिल्ले एकाएकी मलूल होत, ओकत, हगवणीने गळून जात आणि दोन-चार दिवसांत मरत. या रोगातील मांजराचे एक लक्षण पाहणाऱ्याच्या मनात घर करून राहते. ते पाण्याच्या भांड्याजवळ जाते, मान खाली घालून तासन्‌तास पाण्यावर तोंड टेकल्यासारखे बसते, परंतु पीत नाही. तहान आहे, पाणी समोर आहे, आणि घोट घेण्याचे त्राण नाही. पुष्कळ ठिकाणी मालकांना वाटे की मांजराला कोणी विष घातले. १९२८ साली व्हर्ज आणि क्रिस्टोफोरोनी या फ्रान्समधील संशोधकांनी दाखवून दिले की, हा रोग साध्या जंतूंना अडविणाऱ्या अतिसूक्ष्म गाळणीतूनही पार होतो. म्हणजे त्याचे कारण विषाणू हे आहे. १९३९ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात विल्यम हॅमन आणि जॉन एंडर्स यांनी या रोगात रक्तातील पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात हे सिद्ध केले, आणि पुढील वर्षी प्रतिबंधक लसीकरणाचे प्रयोगही प्रसिद्ध केले. हेच एंडर्स पुढे पोलिओचा विषाणू प्रयोगशाळेत वाढविण्याच्या कार्याबद्दल १९५४ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. मुलांना लुळे करणाऱ्या रोगाशी झुंजणाऱ्या या थोर शास्त्रज्ञाने मांजराचा रोग क्षुद्र मानला नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या विषाणूला मारणारे खात्रीचे औषध आजही नाही. परंतु लस टोचलेले मांजर बहुधा या रोगापासून सुरक्षित राहते. आणि रोग जडलेल्या मांजराच्या शरीरात सलाईन चढवून, इतर जंतूंना प्रतिजैविकांनी आवर घालून, ऊब देऊन चार-पाच दिवस ते तगविले, तर पांढऱ्या पेशी पुन्हा वाढू लागतात आणि मांजर उठते. म्हणजे येथे औषधापेक्षा शुश्रूषेचे काम मोठे आहे.

याच सुमारास मांजराच्या उपासाचे दुसरे एक कारण उलगडत होते. १९५७ साली न्यूझीलंडमध्ये आणि १९५८ साली अमेरिकेत, मांजरांच्या पडशाला कारणीभूत होणारे दोन निराळे विषाणू वेगळे करण्यात आले. माणसाला पडसे झाले तर जेवणाची चव जाते, तरी तो जेवतो. मांजर मात्र अन्न आधी नाकाने पारखते. नाक चोंदले किंवा जिभेवर व्रण पडले की पुढ्यातला मासा त्याला अन्न म्हणून ओळखूच येत नाही. ओल्या कापसाने नाक पुसून, मासा किंचित कोमट करून वास सुटेल असा पुढे ठेवला, तर काही मांजरे पुन्हा खाऊ लागतात. १९५८ सालीच इंग्लंडात केवळ मांजरांच्या आरोग्याचा विचार करणारी ‘फिलाइन ॲडव्हायजरी ब्यूरो’ ही संस्था निघाली. लियोंची शाळा उघडल्यावर जवळजवळ दोन शतकांनी मांजराला स्वतंत्र रोगी म्हणून मान मिळू लागला तो असा.

सर्वांत महत्त्वाचा शोध मात्र त्यानंतर वीस वर्षांनी लागला. १९७७ साली अमेरिकेतील पशुवैद्यांनी मांजराच्या एका विलक्षण यकृतविकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, काही दिवस अन्न सोडले की त्याच्या अंगातील चरबी भराभर यकृताकडे धावते. यकृताला ती खपविता येत नाही. ते चरबीने गच्च भरते, डोळे व हिरड्या पिवळ्या पडतात, मळमळ वाढते, आणि मळमळीमुळे मांजर अन्नाकडे पाहतही नाही. उपासाने रोग होतो आणि रोगाने उपास वाढतो, असे हे दुष्टचक्र आहे. मूळचे कारण किरकोळ असले, नवे घर, घरात आलेला पाहुणा किंवा दुखरा दात एवढेच असले, तरी उपास हाच प्राणघातक रोग होऊन बसतो.

असे का व्हावे? त्याच्या पुढल्याच वर्षी, १९७८ साली, कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे मॉरिस आणि रॉजर्स या संशोधकांनी मांजराच्या शरीराचा एक स्वभाव उघड केला. प्रथिनांतील आर्जिनीन नावाचा एकच घटक वगळलेले जेवण एकदा घातले, तरी काही तासांतच मांजराच्या रक्तात अमोनिया साठून ते आजारी पडते. मांजर हे जातीचे मांसाहारी. त्याचे यकृत प्रथिने जाळण्याचा आपला कारखाना सदैव पेटता ठेवते. अन्न आले नाही म्हणून तो फारसा मंद होत नाही. आपल्या घरातल्या मांजराचे पूर्वज पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेतील रानमांजर होत. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. इतका हा सहवास जुना आहे. तथापि शरीर अद्याप रुक्ष प्रदेशातल्या शिकाऱ्याचेच राहिले. लहान लहान शिकार दिवसातून अनेकदा खावी, पाण्याचा मोठा वाटा त्या शिकारीतूनच मिळवावा, आणि दुबळेपणा शत्रूला दिसू नये म्हणून आडोशाला दडावे, ही त्याची रीत. म्हणूनच अन्न सुटले की मांजराचे पाणीही सुटते, आणि ते आजारी आहे हे माणसाला उशिरा कळते.

या ज्ञानातून उपचार बदलले. खाईल तेव्हा खाईल, असे न म्हणता पशुवैद्य मानेतून किंवा नाकातून बारीक नळी घालून अन्न थेट पोटाकडे पोहोचवू लागले. प्रारंभी थोडे, मग हळूहळू अधिक. पूर्वी ज्या यकृतविकारातून क्वचितच मांजर वाचे, त्यातून आता वेळेवर असे पोषण मिळालेली निम्म्याहून अधिक मांजरे बरी होतात.

श्रोत्यांनी या इतिहासातून व्यवहाराच्या काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मोठ्या मांजराने सबंध एक दिवस काहीही खाल्ले नाही, तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. पिल्लाच्या बाबतीत काही तासही मोलाचे असतात. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली असता ती चटकन पूर्ववत बसली नाही, किंवा हिरड्या कोरड्या व चिकट लागल्या, तर अंगातले पाणी आटले आहे असे समजावे. निपचित पडलेल्या मांजराचा जबडा उघडून दूध किंवा पाणी ओतू नये; ते फुप्फुसात जाते. बळेच भरविलेल्या अन्नाचा मांजर कायमचा तिटकाराही धरते. आणि माणसाची तापावरची गोळी तर मुळीच देऊ नये. पॅरासिटामॉलचे विष उतरविणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार अपुरी असते. एक गोळीही त्याचा प्राण घेऊ शकते.

अज्ञानाने केलेली माया आणि ज्ञानाने केलेली माया यांत अंतर पडते ते असे. लंघन माणसाला तारते म्हणून ते प्रत्येक जीवाला तारील, असे मानणे म्हणजे सर्व सृष्टी आपल्याच मापाने मोजणे होय. मांजर आपले दुखणे बोलून दाखवीत नाही; किंबहुना ते झाकण्याचीच त्याची धडपड असते. अशा मुक्या प्राण्याची भाषा म्हणजे त्याची न शिवलेली वाटी. ती वाचावयास माणसाला हजारो वर्षे लागली. आता वाचता येऊ लागली आहे, तर तिच्याकडे दुर्लक्ष करण्यास सबब उरलेली नाही.