मोटारीच्या आसनांची घरगुती दुरुस्ती

मोटारगाडीतील आसनांच्या आच्छादनाला पडलेली भोके व भेगा, उसवलेल्या शिवणी आणि दबलेला फोम वाहनधारकाने स्वतः साध्या हत्यारांनी नीट करणे, याला आसनांची घरगुती दुरुस्ती म्हणतात. हेच काम व्यवसाय म्हणून करणाऱ्या कारागिराला बोलीत 'कुशनवाला' असे नाव आहे. अशी दुरुस्ती टिकणे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते: आच्छादन कोणत्या पदार्थाचे आहे हे आधी ओळखणे आणि फाटलेल्या भागाला मागील बाजूने आधार देणे. आसनात एअरबॅग बसवलेली असल्यास मात्र तिच्या भोवतीचा भाग घरगुती दुरुस्तीच्या कक्षेबाहेरचा ठरतो.

आसनाची रचना

आसनाचे तीन प्रमुख घटक असतात: पोलादी सांगाडा, त्यावरील पॉलियुरेथेन फोमची गादी आणि सर्वांत वरचे आच्छादन. पॉलियुरेथेनचा शोध ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत लावला. आच्छादनाच्या आतील शिवणींत तार ओवलेली असते. ही तार फोममधील खाचेत तारेच्या लहान कड्यांनी किंवा प्लास्टिकच्या पकडींनी अडकवलेली असते. त्यामुळे आच्छादन ताणलेले राहते.

आच्छादन कापडाचे, रेक्झिनचे किंवा चामड्याचे असते. कापड बहुधा पॉलिएस्टरचे असते. 'रेक्झिन' हे मुळात इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या हाइड येथील एका कंपनीचे व्यापारी नाव होते. तेथे सुती कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप देऊन कृत्रिम चामडे तयार केले जाई. मराठीत हा शब्द पुढे सर्वच कृत्रिम चामड्यांसाठी रूढ झाला. आज रेक्झिन म्हणून मिळणारा माल पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचा लेप दिलेले कापड असतो. चामड्याची कापलेली कड तंतुमय दिसते, तर रेक्झिनच्या पाठीमागे विणलेले कापड दिसते. अनेक गाड्यांत बसण्याचा भाग तेवढा चामड्याचा आणि बाजू रेक्झिनच्या असतात. म्हणून दुरुस्ती जेथे करावयाची तेथीलच कड तपासणे आवश्यक ठरते.

हानीची कारणे

उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत पीव्हीसीला लवचिकपणा देणारी द्रव्ये हळूहळू बाहेर पडतात व रेक्झिन कडक होऊन तडकते. पॉलियुरेथेनचा लेप उष्ण व दमट हवेत विघटित होऊन पापुद्र्यांनी सुटतो. असे आच्छादन डागडुजीने सुधारत नाही, ते बदलावेच लागते. चालकाच्या आसनाची दाराकडील कड चढउतारातील घर्षणाने सर्वांत आधी झिजते. सिगारेटच्या निखाऱ्याने पॉलिएस्टर जळण्याबरोबर वितळतेही, त्यामुळे भोकाभोवती कठीण कडा तयार होते.

दुरुस्तीच्या पद्धती

कापड: जळालेल्या भोकाची कठीण कडा बारीक कात्रीने कापून काढतात. भोकापेक्षा मोठा अस्तराचा तुकडा चिमट्याने आत सारून सपाट पसरवतात व त्यावर लवचिक गोंद लावतात. आसनाच्या खालील, न दिसणाऱ्या भागातून त्याच कापडाचा तुकडा भोकाच्या आकारात कापून, विणीची दिशा जुळवून, त्यावर बसवतात आणि गोंद सुकेपर्यंत वजन ठेवतात. पॉलिएस्टर सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते व त्याच्या बरेच आधी मऊ पडते. त्यामुळे इस्त्री वापरायची झाल्यास ती मंद ठेवून मध्ये सुती फडके घालतात.

रेक्झिन: फाटलेल्या भागाखाली कापडाची पट्टी चिकटवून दोन्ही कडा न ताणता जुळवतात. उरलेली फट लवचिक भरणद्रव्याच्या पातळ थरांनी भरतात. प्रत्येक थर सुकल्यावरच पुढचा देतात आणि शेवटी रंग लावतात. क्षणात चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद येथे उपयोगाचा नसतो. तो वाळल्यावर कठीण होतो आणि बसताना आसन दबले की त्याच्या शेजारी नवी चीर पडते.

चामडे: गाड्यांतील बहुतेक चामड्यावर रंगाचा व संरक्षक लेपाचा थर असतो. भेगा प्रथम साबणाच्या सौम्य पाण्याने स्वच्छ करून वाळवतात, बारीक पॉलिश पेपरने हलके घासतात, भरणद्रव्य भरतात व रंगाचे पातळ हात देतात. तडकलेल्या चामड्याला खोबरेल तेल चोळल्यास ते लेपामुळे फारसे मुरत नाही. उलट त्यामुळे पुढे गोंद आणि रंग नीट धरत नाहीत.

शिवण: उसवलेली शिवण वाकड्या सुईने व पॉलिएस्टरच्या जाड दोऱ्याने बाहेरूनच शिवता येते. सुई जुन्याच भोकांतून नेतात. नवी भोके पाडल्यास टपाल तिकिटांच्या कडेप्रमाणे भोकांची ओळ तयार होऊन चामडे किंवा रेक्झिन तेथेच फाटते. सुती दोरा घाम व ओलाव्याने कुजतो.

फोम: दबलेल्या जागी तितक्याच घनतेच्या फोमचा तुकडा कापून चिकटवतात. त्यासाठी कड्या सोडवून आच्छादन उतरवावे लागते.

सुरक्षितता व मर्यादा

आसनाच्या पाठीत बसवलेली बाजूची एअरबॅग व्हॉल्वो कंपनीने १९९० च्या दशकाच्या मध्यास आणली. आता ती अनेक गाड्यांत असते. अपघाताच्या वेळी ती आच्छादनाच्या ठरावीक शिवणीतून फाडून बाहेर पडते. ही शिवण मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते. ती मजबूत दोऱ्याने शिवल्यास, तेथे ठिगळ लावल्यास किंवा वरून घट्ट कव्हर चढवल्यास एअरबॅग उशिरा किंवा चुकीच्या दिशेने उघडू शकते. आसनाच्या कडेला एअरबॅगची खूण असल्यास तो भाग अधिकृत कार्यशाळेकडेच सोपवतात. आसनाखालील पिवळ्या आवरणाच्या तारा बहुधा याच यंत्रणेच्या असतात व त्या सोडवणे धोक्याचे असते. बैठकीच्या फोममध्ये प्रवाशाची जाणीव करून देणारा संवेदकही असू शकतो. तो बिघडल्यास सीटबेल्टची सूचना मिळत नाही.

नवीन साहित्य आगीच्या दृष्टीनेही पाहावे लागते. अमेरिकेत १९७२ पासून लागू असलेल्या नियमानुसार मोटारीच्या आतील साहित्य मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा अधिक वेगाने जळता कामा नये. भारतात यासाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. घरातील गाद्यांचा साधा फोम या कसोटीला उतरेलच असे नाही. गोंद व रंगाची वाफ ज्वलनशील असल्याने काम दारे उघडी ठेवून करतात.

हे सुद्धा पहा

रेक्झिन
पॉलियुरेथेन
एअरबॅग
चर्मोद्योग