क्वार्टेटनं कुणाचं पोट भरलं?

मी व्हायोलिन वाजवतो. त्यातही वेड चेंबर म्युझिकचं, म्हणजे तीन-चार जणांनी जवळ बसून वाजवायच्या संगीताचं. हे ऐकलं की समोरचा, मग तो लांबचा काका असो की घरमालक, हमखास विचारतो, "ते झालंच, पण करता काय?" मी शिकवण्या घेतो, रिसेप्शनमध्ये वाजवतो, अधूनमधून जाहिरातीच्या रेकॉर्डिंगला जातो. रविवारी आम्ही चौघं हेडन वाजवतो, त्याचे पैसे कुणी देत नाही. माझ्या आधी हे वाजवणाऱ्यांनी काकांना काय उत्तर दिलं असेल, या कुतूहलापोटी मी जुनी माणसं शोधायला लागलो. त्यातली काही आपल्या मुंबईतच सापडली.

आधी दोन शब्द या प्रकाराबद्दल. चेंबर म्हणजे खोली. मोठ्या ऑर्केस्ट्रात एकच ओळ दहा-पंधरा व्हायोलिनवादक मिळून वाजवतात, एखादा चुकला तर खपून जातं. क्वार्टेटमध्ये दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. प्रत्येकाची ओळ वेगळी आणि समोर काठी हलवणारा कंडक्टर नाही. एकमेकांचा श्वास ऐकत वाजवायचं. आपल्याकडच्या बैठकीच्या गाण्याशी याचं नातं जवळचं आहे: खोली लहान, ऐकणारे मोजके, लपायला जागा नाही.

आणि बैठकीसारखाच यालाही आश्रयदाता लागायचा. व्हिएन्नात इग्नात्स शुपानत्सिग हा बेथोव्हेनचा व्हायोलिनवादक मित्र होता. त्याच्या क्वार्टेटला 1808 च्या सुमारास रशियाचा राजदूत रझुमोव्हस्की यानं पगारी नोकरीत ठेवलं. 1814 च्या शेवटच्या रात्री रझुमोव्हस्कीचा महाल जळाला. दीड-दोन वर्षांत क्वार्टेट मोडलं आणि शुपानत्सिग रशियाची वाट चालू लागला. एका घराला आग लागते आणि चौघांची नोकरी जाते, इतका पातळ हा धंदा. रझुमोव्हस्कीनं वादकांना पेन्शन मात्र दिलं. हा तपशील ध्यानात ठेवा.

आता थेट 1934 ची मुंबई. त्या वर्षी वॉल्टर कॉफमन नावाचा तरुण संगीतकार बोटीतून इथं उतरला. जन्म कार्ल्सबादचा, शिक्षण बर्लिन आणि प्रागमधलं, धर्मानं ज्यू. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनीत त्याला काम मिळणं शक्य नव्हतं. बायको गेर्टी ही फ्रान्झ काफ्काची भाची. भारतीय संगीताच्या रेकॉर्ड्स त्यानं युरोपात ऐकल्या होत्या आणि त्या त्याला अजिबात कळल्या नव्हत्या. पण एवढी माणसं हे संगीत मन लावून ऐकतात, तर उणीव आपल्या कानात असणार, असं त्यानं ठरवलं. हे मला फार आवडतं. नवं काही कळलं नाही की आपण पटकन स्क्रोल करून पुढं जातो. हा माणूस त्यासाठी समुद्र ओलांडून आला. अर्थात जीव वाचवायचा होता, हेही खरंच.

आल्या आल्या काही महिन्यांत त्यानं बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम. पियानोवर स्वतः कॉफमन, चेलोवर एदिजिओ व्हर्गा हा इटालियन, व्हायोलिनवर मेहली मेहता हा मुंबईचा पारशी तरुण. श्रोते सुरुवातीला मोजकेच. त्यावर संसार चालणार नव्हता. म्हणून कॉफमननं सिनेमासाठी संगीत लिहिलं आणि 1937 पासून ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळला, पुढची नऊ वर्षं.

या नोकरीतून काय निघालं ते तुमच्या आजी-आजोबांना विचारा. पहाटे आकाशवाणी सुरू होताना तंबोऱ्यावर एक व्हायोलिन वर चढत जायचं, शिवरंजनीच्या छायेतली ती धून. ती कॉफमनच्या नावावर आहे आणि त्यातलं व्हायोलिन मेहली मेहतांचं मानलं जातं. लाखो घरांत चहाचं आधण आणि ही धून एकत्रच असायची. गुरुवारच्या मूठभर श्रोत्यांसाठी जमलेल्या जोडीचं हे पोटापाण्याचं काम!

मेहली मेहता बरंचसं स्वतःच्या बळावर व्हायोलिन शिकलेले. 1935 मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि 1940 मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. ऑर्केस्ट्रात नौदलाच्या बँडमधले वादक, हॉटेलांत वाजवणारे गोवेकर, हौशी पारशी, सगळे एकत्र. क्वार्टेटच्या तालमी घरच्या दिवाणखान्यात चालायच्या आणि त्या कानावर पडतच एक मुलगा मोठा झाला, झुबिन. झुबिन मेहतांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मला वडिलांची जास्त महत्त्वाची वाटते.

कारण बघा. 1945 मध्ये, घरी बायको आणि दोन लहान मुलं सोडून मेहली न्यूयॉर्कला इव्हान गलामियानकडं शिकायला गेले. तेव्हा त्यांच्या नावावर एक ऑर्केस्ट्रा आणि एक क्वार्टेट जमा होतं, तरी विद्यार्थी झाले. परत येऊन पुन्हा मुंबईत जम बसवला. मग 1955 च्या सुमारास, पन्नाशीकडं झुकलेल्या वयात, मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात सहायक कॉन्सर्टमास्टर. मुंबईत ज्याच्या हातात काठी होती, तो आता बार्बिरोलीच्या काठीकडं बघत वाजवतोय. तिथून 1959 मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये, तेही सेकंड व्हायोलिन म्हणून. सेकंड व्हायोलिन म्हणजे कोरसमधली जागा नव्हे. पहिल्याची धून तोलून धरायचं ते काम असतं. पण टाळ्या पहिल्याला. पुढं 1964 मध्ये लॉस एंजेलिसला विद्यापीठात शिकवायला गेले आणि तिथं अमेरिकन यूथ सिंफनी काढली. ती 1998 पर्यंत, म्हणजे नव्वदीला टेकेपर्यंत चालवली. या प्रवासात क्वार्टेट आहे, पण फक्त क्वार्टेटवर काढलेली वर्षं मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

मेहतांना जग होतं. गोवेकर वादकांना होता तो फिल्म स्टुडिओ. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या गावोगावी चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे वडीलही असेच संगीत शिकवणारे. 1927 चा जन्म, सोळाव्या वर्षी मुंबई, आणि थेट नौशादच्या वादकांत व्हायोलिन. स्टुडिओला हे लोक का हवे होते, ते मी स्वतः त्या खुर्चीवर बसतो म्हणून सांगू शकतो. समोर कागद येतो, दोन तालमी होतात आणि लाल दिवा लागतो. पाहिलेला कागद तिथल्या तिथं वाजवणं आणि वाजवताना शेजारच्याचा सूर ऐकून आपला जुळवणं, ही क्वार्टेटमधली सवय. संगीतकार चाल गुणगुणायचा. ती कागदावर उतरवून वीस व्हायोलिनांत वाटून देणारे सेबॅस्टियन डिसूझांसारखे अरेंजर गोव्याचे.

गोन्साल्विसांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. 1958 मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात रागांवर बांधलेल्या स्वतःच्या रचना सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. म्हणजे स्टुडिओत कमावलेलं सगळं, ओळखीपाळखीसकट, त्यांनी आपल्या खऱ्या संगीतात घातलं. 1965 मध्ये अमेरिकेला गेले. परतल्यावर सिनेमाकडं न वळता माजोर्ड्यात राहिले. 2012 मध्ये वारले. देशाला त्यांचं नाव कळलं ते 1977 मध्ये, प्यारेलालनी गुरूची आठवण म्हणून ते अमिताभच्या गाण्यात घातलं तेव्हा. तेही बहुतेकांना पात्राचंच नाव वाटलं.

"जोडधंदा" हा शब्द मला इथं पटत नाही. रेडिओची धून किंवा सिनेमातले व्हायोलिन हे क्वार्टेटचं उष्टं नव्हतं. त्याच बोटांचं, तितक्याच कसाचं काम होतं. पण याचा गोडगोड अर्थही काढू नका. ज्या गाण्यांवर आपण वाढलो, त्यांच्या टायटल्समध्ये या वादकांची नावं नसत, अरेंजरचंही क्वचितच. गाणं कितीही वर्षं वाजो, वादकाला पैसे त्या एका दिवसाचे. रझुमोव्हस्कीचं पेन्शन लक्षात ठेवायला सांगितलं ते यासाठी. आज मी जिंगल वाजवतो तेव्हाही हिशोब तोच असतो, फक्त पैसे आता यूपीआयनं येतात.

कॉफमन 1946 मध्ये भारत सोडून गेला. कॅनडात विनिपेगच्या ऑर्केस्ट्राचा पहिला कंडक्टर झाला, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. 1968 मध्ये त्याचा उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा जाडजूड ग्रंथ आला. ज्या रेकॉर्ड्स कळल्या नव्हत्या, त्यांचं उत्तर चौतीस वर्षांनी. 1984 मध्ये तो गेला आणि त्याची क्वार्टेट्स विद्यापीठाच्या कपाटात पडून राहिली. 2020 मध्ये टोरंटोच्या आर्क एन्सेम्बलनं त्यातली काही बाहेर काढून रेकॉर्ड केली. अकरावं क्वार्टेट त्यात आहे. फोनवर मिळतं, इयरफोन लावून ऐका, व्हिओलाकडं लक्ष ठेवून. आम्ही चौघं सध्या त्याची प्रत मिळवायच्या खटपटीत आहोत.